अर्धा तास आधी सुटलेली गाडी

ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे, सुरुवात कुठून करू, असं नवे लिहिणारे विचारतात. मी उलट विचारतो, तुमचं पात्र सकाळी पाणी कुठून भरतं? याचं उत्तर मिळेपर्यंत मोर्चे आणि भाषणं बाजूला ठेवा.

माझी पहिली कादंबरी मुंबईतल्या प्लेगवर. ती सुचली आजीच्या एका वाक्यावरून. लालबागच्या चाळीत आजीची खानावळ होती. कुणी ताटात भात टाकला की ती म्हणायची, "माझ्या सासूने गाठीच्या साथीत अख्ख्या रिकाम्या चाळीत एकटीने चूल पेटवलीय. अन्न टाकू नये." ती रिकामी चाळ आणि त्यातला एकच धूर माझ्या डोक्यातून जाईना.

मग काळा घोड्याचं पुराभिलेखागार, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन या शास्त्रज्ञांनी आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली. हे सगळं मी पहिल्या खर्ड्यात कोंबलं आणि माणसं तारखा बोलायला लागली. ती साठ पानं मी फेकली.

तेव्हापासून जुन्या वर्तमानपत्रात मी बातमीआधी जाहिराती वाचतो. काय विकलं जातंय, काय हरवलंय, खोलीचं भाडं किती. गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३ सालचं मुंबईवरचं पुस्तकही असंच सावकाश वाचा.

चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांशी जरूर बोला. 'इतिहास सांगा' म्हटलं की ती गप्प होतात. गिरणीची पाळी सुटल्यावर जेवायला कोण आधी बसायचं, पगाराच्या दिवशी खानावळीचा हिशेब कसा व्हायचा, असं विचारलं की दुपार सरते. फक्त त्यांची आठवण १९४० ची असेल तर ती उचलून १८९६ मध्ये ठेवू नका. मी ठेवली होती. माझ्या नायकाच्या खोलीत विजेचा दिवा लागला होता.

खर्डा साहित्याबाहेरच्या माणसांनाही वाचायला द्या. मी शेजारच्या निवृत्त रेल्वेवाल्या काकांना दिला. नायक घाटावरचा, म्हणून कुटुंबाला पुण्याच्या गाडीत बसवायला निघालेला. कोकणातला असता तर बोटीच्या धक्क्यावर गेला असता. गाडी सहाची, तो पावणेसहाला बोरीबंदर स्टेशनवर पोचतो, सगळे बसतात, प्रकरण संपतं. काकांनी पानावर बोट ठेवलं. "कुठले सहा? मुंबईचे की मद्रासचे?"

मला हे माहीतच नव्हतं. तेव्हा रेल्वेचं वेळापत्रक मद्रासच्या वेळेवर चाले आणि ती वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा तीस मिनिटं पुढे होती. आजची भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये, तरी मुंबईत जुनी वेळही १९५५ पर्यंत टिकून होती. एकाच शहरात दोन घड्याळं! म्हणजे गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणारा माझा नायक मुंबईच्या वेळेने पावणेसहाला पोचला तेव्हा गाडी सुटून पाव तास झाला होता.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. बायको दोन मुलांना घेऊन दिराबरोबर पुढे गेलेली असते, ती गाडीत बसते. हा मागून हिशेब चुकता करून गाठोडं घेऊन येतो, तर फलाट मोकळा. दुसऱ्या गाडीचे पैसे नाहीत. तो चालत लालबागला परततो. चाळीत एकाच खोलीतून धूर येत असतो आणि एक बाई त्याला विचारते, जेवलास का?



कादंबरीचा उरलेला भाग तिथून सुरू झाला.