रक्तदाब गोळ्यांना दाद देत नसेल, तर अल्डोस्टेरॉनची तपासणी कशी करून घ्यावी

तीन प्रकारच्या गोळ्या, त्यांत लघवी वाढवणारी एक, नियमित घेऊनही रक्तदाब १४०/९० च्या खाली येत नसेल, तर चौथी गोळी सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, की अल्डोस्टेरॉन आणि त्याला चालना देणारे मूत्रपिंडांतील द्रव्य, रेनिन, तपासले आहे काय. रक्तात पोटॅशियम कमी सापडले असेल, किंवा घरात कोणाला चाळिशीच्या आत पक्षाघात झाला असेल, तर हा प्रश्न आणखी आधी विचारावा. पोटॅशियम बरोबर आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. अल्डोस्टेरॉन जादा पाझरण्याच्या विकाराच्या बऱ्याच रुग्णांत ते बरोबरच असते.

अल्डोस्टेरॉन हे मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींत तयार होणारे स्टिरॉइड संप्रेरक आहे. शरीरात सोडियम राखणे आणि पोटॅशियम बाहेर टाकणे हे त्याचे नेहमीचे काम. गरज नसताना ते पाझरत राहते, या विकाराचे वर्णन जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये केले. त्यात मीठ आणि पाणी साचून दाब वाढतो, हे झाले अर्धेच. या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे ते ज्यांना चिकटून काम करते ते रेणू, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. तेथे त्याच्या अतिरेकाने वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड घटतो, दाह वाढतो आणि भिंत हळूहळू जाड व ताठर होते. म्हणूनच तेवढाच रक्तदाब असलेल्या इतरांपेक्षा या रुग्णांच्या अंगावरून वारे जाण्याची शक्यता जास्त असते. केवळ दाबाचा आकडा पाहून हा धोका ओळखता येत नाही.

तपासणी सकाळी करावी. उठून किमान दोन तास हिंडल्या-फिरल्यानंतर, पाच ते पंधरा मिनिटे खुर्चीत बसून मग रक्त द्यावे. शीर दिसावी म्हणून मूठ वारंवार आवळू नये, कारण त्याने पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो. तपासणीच्या धास्तीने आधीचे काही दिवस मीठ तोडणेही चुकीचे आहे. मीठ घटले की रेनिन वाढते आणि विकार झाकला जाऊ शकतो. श्रावणामुळे खारवलेली मासळी नुकतीच बंद झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. चालू गोळ्या दाखवाव्यात, पण मनाने एकही थांबवू नये. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा चालू असेल, तर तो औषध समजूनच सांगावा: ज्येष्ठमध नियमित आणि भरपूर घेतल्यास अल्डोस्टेरॉन न वाढताही तसाच परिणाम होतो.

रेनिन दबलेले आणि त्या मानाने अल्डोस्टेरॉन चढे आले, तर तज्ज्ञाकडे जावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील रुग्णाला पुढील काही तपासण्यांसाठी मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागू शकते. तेव्हा जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत. दोष एकाच ग्रंथीत असेल तर ती दुर्बिणीद्वारे काढता येते, दोन्हींत असेल तर अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन दिले जाते. स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांची छाती दुखते वा वाढते. लाजेपोटी गोळी सोडण्यापेक्षा ती बदलून मागावी.

उपचार सुरू झाल्यावर मिठाकडे वळावे, कारण रक्तवाहिन्यांवरील इजा जादा मीठ आणि जादा अल्डोस्टेरॉन एकत्र आले की बळावते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे, आणि त्यात लोणचे, पापड, सांडगी मिरची सगळे धरावे. खारा बांगडा सोडवतच नसेल, तर तो पाणी बदलत भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. तरीही तो रोजच्या ताटात नको.

मात्र स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोनच्या गोळ्या घेणाऱ्याने ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमऐवजी बहुधा पोटॅशियम असते आणि या गोळ्याही पोटॅशियम शरीरात राखतात. शहाळ्यातही ते भरपूर असते; मूत्रपिंडे कमकुवत असतील तर परसातले रोजचे शहाळेसुद्धा डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि पोटॅशियमची तपासणी त्यांनी सांगितलेल्या दिवशी चुकवू नये.