एका दिवसाला एकच तळं

दर उन्हाळ्यात एखाद्या नव्या जोडप्याचा फोन येतो. "ताई, शनिवारी लेक डिस्ट्रिक्ट करतोय. सकाळी विंडरमियर, मग ग्रासमियर, जेवून डर्वेंटवॉटर आणि वेळ उरला तर अल्सवॉटर." इंग्लंडच्या वायव्येचा हा तळ्या-डोंगरांचा मुलूख, आणि तो महाबळेश्वरचे पॉइंट उरकावेत तसा उरकायचा! त्यांना हसायला मला तोंड नाही, कारण २०११ साली आम्हीही नेमकं हेच केलं होतं. अख्खा दिवस गाडीत गेला, आणि घरी येऊन फोटो पाहिले तर एकूण एक फोटो पार्किंगमधून काढलेला.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की एका दिवसाला एकच तळं घ्या आणि त्याला पायी पूर्ण प्रदक्षिणा घाला. पहिल्या वेळेसाठी बटरमियर. विंडरमियर मोठं नावाजलेलं, पण ते सतरा किलोमीटर लांब, त्याला दिवसभरात फेरी होत नाही. बटरमियरची फेरी साधारण सात किलोमीटरची आणि बहुतेक सपाट. लोक अडीच तासांत करतात, आम्हाला चहा धरून साडेतीन लागतात.

आधी गाडीचं बोलू. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं. त्यानंतर ते बदलूनही मिळत नाही. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्ही परीक्षा पहिल्यापासून. अकराव्या महिन्यात जागी झालेली मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसरं, इन्शुरन्सवर दोघांचीही नावं हवीत. "तू दमलास, दहा मिनिटं मी चालवते" हे प्रेम असलं तरी इन्शुरन्स नसेल तर तो गुन्हा आहे.

मँचेस्टरकडून येणाऱ्यांनी एम सिक्स हा मोटरवे चाळीस नंबरच्या जंक्शनला सोडायचा आणि ए सहासष्ट रस्त्यानं केझिक हे गाव गाठायचं. स्पेलिंगमध्ये डब्ल्यू दिसतो, पण 'केस्विक' म्हणालात की समोरचा क्षणभर थांबतो. तिथून बटरमियरला तीन वाटा, न्यूलँड्स, व्हिनलॅटर आणि होनिस्टर या तीन खिंडींतून. नकाशा बहुधा न्यूलँड्सच्या खिंडीतून नेईल, कारण ती जवळची. तुम्ही जाताना व्हिनलॅटरवरून जा. थोडं लांब पडतं, पण चढ सौम्य आहे आणि शेवटी रस्ता क्रमॉक वॉटरच्या काठाकाठानं गावात येतो. क्रमॉक आणि बटरमियर कधीकाळी एकच तळं होतं; डोंगरातून वाहून आलेल्या गाळानं मधे सपाट कुरणं तयार झाली, त्यांवरच हे गाव बसलंय.

अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गडगे असतात, अगदी कोकणातल्यासारखे, चुना-सिमेंटशिवाय रचलेले. गाडीला अंग चोरायला जागा नसते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा आपल्या घाटातला नियम इथेही आहे. काळी तिरकी रेघ असलेली पांढरी गोल पाटी म्हणजे मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी साठ मैलांची मर्यादा, पण ती मर्यादा आहे, आग्रह नव्हे. मधेमधे 'पासिंग प्लेस'ची पाटी आणि समोरच्याला वाट देण्यासाठी रुंदावलेला रस्ता दिसेल. तिथे गाडी लावायची नाही, फोटोपुरतीही नाही. आम्ही लावली होती, मेंढरांसाठी. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या मागे चार गाड्या. शेतकऱ्यानं इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसला. हॉर्न वाजवला असता तर बरं वाटलं असतं. नवऱ्यानं दीडशे मीटर गाडी मागे घेतली, डावा आरसा गडग्याला घासला, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. कुणी वाट दिली की हात वर करा. तेवढं आभारप्रदर्शन पुरतं.

पार्किंग सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत गाठा. खोऱ्यात फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून पैसे भरायच्या ॲपवर विसंबू नका. कार्ड आणि नाणी दोन्ही जवळ ठेवा, नकाशा घरीच उतरवून घ्या. कागदी हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल ४ नंबरचा. वर्षातून तीन-चारदा येणार असाल तर निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासदत्व घ्या, त्यांच्या पार्किंगला पैसे पडत नाहीत.

कपड्यांबाबत कुणी ऐकत नाही, तरी सांगते. होनिस्टर खिंडीपलीकडच्या सीथवेटला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे कोकणाएवढाच, फक्त बारा महिन्यांत वाटून. जीन्स नको, भिजली की सुकत नाही. छत्री वारा उलटी करतो. पाणी न शिरणारं जाकीट आणि पकड असलेले बूट, बस.

गावातून निघाल्यावर तळं डाव्या हाताला ठेवा. उजवीकडे डोंगरावरून फेसाळत उतरणारा ओढा दिसेल, त्याचं नाव सावर मिल्क गिल, म्हणजे आंबट दूध. आपण दूधसागर म्हणालो, यांचं दूध नासलं! पुढे बर्टनेसची झाडी. तळ्याच्या टोकाला गेट्सगार्थचं शेत येतं. कवाड जसं सापडेल तसंच ठेवायचं: बंद असेल तर मागे बंद करा, उघडं असेल तर उघडंच. मेंढ्या हर्डविक जातीच्या; कोकरं काळी जन्मतात आणि वयाबरोबर राखाडी होतात. वसंतात पिल्लांच्या जवळ जाऊ नका. समोरचा खडबडीत डोंगर हेस्टॅक्स. या डोंगरांची पायवाट न् पायवाट हातानं रेखाटणाऱ्या आल्फ्रेड वेनराइटची रक्षा १९९१ साली हेस्टॅक्सच्याच माथ्यावरच्या छोट्या तळ्याकाठी विसर्जित केली. वर जायचा मोह होईल, आज नको.

इथे थोडं अंतर डांबरी रस्त्यानं चालावं लागतं. फुटपाथ नाही, तेव्हा उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक. मग पुन्हा काठ आणि हॅसनेसजवळ खडकात खोदलेला बुटका बोगदा. आत अंधार आणि पायाखाली पाणी. नवरा दरवेळी आत जाऊन हाक मारतो, मी दरवेळी ओळख नसल्यासारखी पुढे जाते.

डब्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. कचरापेटी शोधू नका, कागद परत पिशवीत. पाण्यात उडी मात्र नको. जूनमध्येही ते इतकं गार असतं की श्वास अडकतो. पाय मुरगळला, वाट चुकली तर ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

परत आल्यावर गावातल्या जुन्या खानावळीकडे बघा. तिथल्या मालकाची मुलगी मेरी रॉबिन्सन. १८०२ साली स्वतःला बडा कर्नल म्हणवणाऱ्या एकानं तिच्याशी लग्न केलं. तो आधीच विवाहित होता, नावही खोटं. पुढच्या वर्षी कार्लाइलला त्याला फाशी झाली, तीही लग्नासाठी नव्हे, खोट्या सह्यांसाठी. मेरीनं नंतर एका शेतकऱ्याशी संसार केला.

उजेड असेल, रस्ता कोरडा असेल आणि दोघांचं बोलणं चालू असेल, तर परतीला होनिस्टर घ्या. चढ चारास एक, उतारही तितकाच. उतरताना खालचा गिअर, नुसत्या ब्रेकवर नाही. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो; तेव्हा हिवाळ्यात व्हिनलॅटरनंच परता. आणि डिकीत जुनी वर्तमानपत्रं टाकून ठेवा, चिखलाच्या बुटांसाठी.