लाकडी खिडकीच्या झडपांना बिजागरी, हूक आणि कडी बसवताना

दुकानात जाऊन ‘खिडकीचं सामान द्या’ एवढंच म्हटलं की समोर येतं ते सगळ्यात हलकं सामान. म्हणून माप आणि प्रकार घरूनच लिहून न्या. इथे चार फूट उंच, तीन फूट रुंद, दोन झडपांची, बाहेर उघडणारी आणि आतून गज असलेली खिडकी धरली आहे. सोलापुरात अशा खिडक्या घरोघरी आहेत.

एका झडपेला तीन बिजागऱ्या, म्हणजे एकूण सहा. ‘दोन पुरतात’ हा सल्ला काच बसवलेल्या चार फुटी झडपेला देऊ नये. माप तीन इंची, पान म्हणजे स्क्रूची भोकं असलेली सपाट पट्टी निदान दोन मिलिमीटर जाड. बिजागरी हातात धरून दोन्ही पानं वर-खाली हलवून पाहा. पानं जोडणाऱ्या, पीन असलेल्या नळीत खडखड जाणवली तर ठेवून द्या. बाहेर उघडणाऱ्या झडपेची नळी बाहेरच्या बाजूला राहते, म्हणून पिनेची दोन्ही टोकं ठोकून बंद केलेलीच घ्या. सुटी पीन बाहेरून खिळ्याने ठोकून काढता येते.

कोरड्या खोलीला चांगली लोखंडी बिजागरी चालते. जिथे उन्हाळ्यात कूलर लावता त्या खिडकीला मात्र स्टेनलेसच हवी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे शिंतोडे दोन-तीन महिने सतत बसले की लोखंडी पीन आतून गंजते आणि झडप जाम होते. ‘लोहचुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर 304 स्टील’ असं सर्रास सांगतात, ते अर्धवट आहे. चिकटलं तर नाकारा हे बरोबर. पण 202 या स्वस्त प्रकारच्या स्टेनलेसलाही ते बहुधा चिकटत नाही. 304 असा शिक्का असलेलीच घ्या.

स्क्रू 8 नंबरचे, सव्वा इंची, सपाट डोक्याचे. तीन इंची बिजागरीला साधारण सहा भोकं असतात, म्हणजे छत्तीस लागतील, पन्नास आणा. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू बिजागरीला कधीही वापरू नका. ते ठिसूळ असतात, झडप एकदा आपटली की मान तुटते आणि अर्धा स्क्रू लाकडात अडकून बसतो. स्टेनलेस बिजागरीला स्क्रूही स्टेनलेसच, नाहीतर बिजागरी चांगली राहते आणि डोकी गंजतात.

जुन्या बिजागऱ्या काढा, चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे का पाहा, जुनी सैल भोकं सागवानी खुंटीला फेविकॉल लावून बुजवा आणि एक दिवस वाळू द्या. आगपेटीच्या काड्या कोंबून भोक भरू नका. पहिल्याच वाऱ्यात स्क्रू निघतो.

आता खरं काम, बिजागरीचं पान लाकडात सपाट बसावं म्हणून खाच मारण्याचं. झडपेचं आयुष्य बिजागरीच्या किमतीवर जेवढं ठरतं, त्याहून जास्त या खाचेवर ठरतं, आणि घाई नेमकी इथेच होते.

वरची बिजागरी झडपेच्या वरच्या टोकापासून सहा इंचांवर, खालची खालून सहा इंचांवर, तिसरी बरोबर मध्ये. उभी आणि आडवी पट्टी जिथे जोडलेली असते त्या सांध्यावर स्क्रू येत असेल तर बिजागरी इंचभर सरकवा, नाहीतर सांधा फुटतो. आधी फक्त झडपेवरच्या खाचा करा. बिजागरीचं पानच लाकडावर ठेवून तिन्ही बाजूंनी धारदार सुरीने रेघ मारा. पेन्सिलीची रेघ जाड असते आणि तेवढ्याने खाच मोठी होते. मग पटाशीने पाच-पाच मिलिमीटरवर आडवे काप द्या आणि बाजूने पटाशी आडवी धरून पातळ पातळ सोलून काढा. जुन्या वाड्यांतल्या खिडक्यांना बाभळीचं लाकूड असेल तर हातोडीचा जोर कमी ठेवा. ते कठीण असतं आणि कडेची ढलपी पटकन उडते.

खोली पानाच्या जाडीएवढीच. पानावर बोट फिरवलं तर कड लागू नये, खड्डाही लागू नये. खाच खोल झाली तर झडप बंद करताना लाकडाला लाकूड भिडतं आणि दाबून बंद केलेली झडप हात सोडताच स्प्रिंगसारखी परत उघडते. यावर झडपेची कड रंध्याने तासायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. दोष खाचेत असताना कड तासली तर समोरच्या बाजूला फट पडते आणि झडप तरीही उघडतेच. खोल खाचेत पानामागे सनमायकाचा तुकडा घाला. तो जेमतेम एक मिलिमीटर असतो आणि पाण्याने फुगत नाही. पुठ्ठा पहिल्या पावसात लगदा होतो. झडप परत येण्याचं दुसरं कारण म्हणजे वर राहिलेलं स्क्रूचं डोकं, तेही बोटाने तपासा.

तिन्ही बिजागऱ्यांच्या नळ्या एका सरळ रेषेत आल्याच पाहिजेत. बिजागऱ्या झडपेवर एकेका स्क्रूने अडकवल्या की नळ्यांना सरळ ॲल्युमिनियमची पट्टी लावून पाहा. मधली एक मिलिमीटर जरी बाहेर असली तरी तिन्ही एकमेकींशी झगडत राहतात. आधी कुरकुर ऐकू येते, मग वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. लोक तेल सोडत राहतात आणि दोष तसाच राहतो.

चौकटीवरच्या खुणा फूटपट्टीने घेऊ नका. झडप चौकटीत उभी करा, खाली तीन मिलिमीटरची पाचर द्या, वर आणि बाजूला फट सोडा आणि बिजागरी जिथे आहे तिथूनच चौकटीवर सुरीने खूण करा. ही फट ऋतू पाहून सोडायची. एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड सुकून आकसलेलं असतं, तेव्हा बाजूला तीन मिलिमीटर सोडा. पावसाळ्यात काम करत असाल तर दोन पुरतात. मे महिन्यात अगदी घट्ट बसवलेली झडप सप्टेंबरच्या पावसात फुगून अडकते.

स्क्रूसाठी आधी अडीच ते तीन मिलिमीटरचं भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांना साबण लावा आणि पेचकसानेच पिळा. हातोडीने ठोकलेला स्क्रू आटे न धरता लाकूड फाडत आत जातो. सुरुवातीला प्रत्येक पानाला मधला एकच स्क्रू. झडप दहा-बारा वेळा उघडझाप करून समाधान झालं की बाकीचे. मोकळी कड खाली लोंबत असेल तर खालच्या बिजागरीच्या पानामागे सनमायका घाला. कड वर येते. वरच्या बिजागरीमागे घातलात तर आणखी खाली जाईल.

हुकाला फार लोक हलक्यात घेतात. वळवाच्या वाऱ्यात मोकळी झडप भिंतीवर आपटली की काच जाते आणि बिजागरी उपटते. दहा इंची हूक घ्या. खालच्या चौकटीवर बिजागरीच्या पिनेपासून सहा इंचांवर हुकाचा डोळा आणि झडपेच्या आतल्या बाजूला खालच्या पट्टीवर पिनेपासून आठ इंचांवर दुसरा डोळा बसवला की झडप काटकोनात उभी राहते. सहा, आठ, दहा हा सुताराचा जुना काटकोन इथे चपखल बसतो. तरीही झडपेवरचा डोळा शेवटी बसवा: झडप उघडून गुण्या (काटकोन मोजायची पट्टी) लावा, हूक ताणून धरा आणि टोक जिथे टेकेल तिथेच भोक पाडा. सैल हूक म्हणजे दर झुळकीला खडखड.

कड्या सोप्या. आधी बंद होणाऱ्या झडपेला वर आणि खाली सहा इंची कडी, दुसरीला मध्ये मूठ आणि एक कडी. कडीच्या टोकाला खडू लावून दाबलं की भोकाची जागा मिळते. खालचं भोक मात्र इंचभर खोल पाडा. इथल्या धुळीने ते भरतं आणि कडी अर्धवट बसते.

सोलापूरच्या पूर्व भागात, खाली यंत्रमाग असलेल्या घरांना दोन गोष्टी वेगळ्या लागतात. मागाच्या हादऱ्याने स्क्रू हळूहळू ढिले होतात, म्हणून तिथे सव्वाऐवजी दीड इंची स्क्रू वापरा आणि महिन्याभराने एकदा पिळून घ्या. बिजागरीला तेलही घालू नका. तेलावर सुताचा तूस चिकटून काळा गोळा होतो आणि नळी चोंदते. त्याऐवजी नळीच्या फटीत पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा. ती कोरडी राहते.