कोरीवकामाच्या हवाई हँडपीसला किती हवा लागते आणि कॉम्प्रेसर कसा निवडावा

हवेवर चालणारा हँडपीस, म्हणजे हातात धरून कोरायचे, हवेच्या दाबाने छिन्नीला ठोके देणारे हत्यार, घेताना बहुतेकजण कॉम्प्रेसरची अश्वशक्ती आणि टाकीचा आकार पाहतात. परंतु खरा प्रश्न असतो तो दर मिनिटाला किती लिटर हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसर त्या मानाने किती हवा भरून देतो, हा. रंगाच्या फवाऱ्याच्या किंवा ग्राइंडरच्या तुलनेत या हत्याराची भूक अगदी लहान असते, साधारणपणे मिनिटाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर, याच्याही आत. तरीही तो आकडा स्वतः मोजून घ्यावा, कारण ठोक्यांचा वेग, दाब आणि कामाची पद्धत यांनुसार तो बराच बदलतो.

मोजण्याची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरून मोटर बंद करावी आणि काही मिनिटे थांबावे, कारण नुकतीच भरलेली हवा गरम असते आणि ती निवताना घटणारा दाब चुकून हत्याराच्या खर्चात धरला जातो. त्यानंतर नेहमीच्या दाबावर, नेहमीच्या वेगाने दोन मिनिटे कोरीवकाम करावे. समजा टाकी 24 लिटरची आहे आणि दाबमापकाचा काटा 8 बारवरून 6.5 वर आला, तर 1.5 गुणिले 24, म्हणजे 36 लिटर हवा (वातावरणाच्या दाबाला मोजलेली) खर्च झाली. दर मिनिटाला 18 लिटर. हीच चाचणी हत्यार चालवणारे पायाचे पेडल सोडलेले ठेवूनही करावी, कारण काही यंत्रांत हात थांबला तरी थोडी हवा वाहतच राहते. शेवटी हत्यार काढून नळी बंद करून पाहावे; तरीही काटा उतरत असेल तर ती गळती होय, आणि साबणाचे पाणी लावल्यास जोडांवर बुडबुडे दिसतात.

आता कॉम्प्रेसरकडे वळू. त्यावर छापलेला आकडा पुष्कळदा पिस्टनच्या विस्थापनाचा, म्हणजे पिस्टन आपल्या फेऱ्यांत जेवढी जागा व्यापतो तिचा, असतो आणि प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून कमी असते, म्हणून हत्यार बंद ठेवून, टाकी 6 वरून 8 बारवर यायला किती वेळ लागतो ते पाहावे. 24 लिटरच्या टाकीत ही 48 लिटर हवा 72 सेकंदांत भरली, तर कॉम्प्रेसर मिनिटाला 40 लिटर देतो. मिनिटाला 18 लिटर खर्च असताना मोटर एकूण वेळेच्या 18 भागिले 40, म्हणजे 45 टक्के चालेल. लहान, कमी आवाजाच्या अनेक कॉम्प्रेसरना निम्म्या वेळेपेक्षा अधिक सलग चालवू नये अशी निर्मात्याची अट असते, त्यामुळे हे प्रमाण जेमतेम आहे. मी स्वतः यापेक्षा अधिक मोकळीक ठेवण्याचा सल्ला देईन.

मोठी टाकी घेतल्याने हे प्रमाण सुधारते, हा समज मात्र सोडून द्यावा. वरच्या उदाहरणात 6 बारला सुरू आणि 8 बारला बंद होणारी मोटर सुमारे 2 मिनिटे 40 सेकंद थांबते आणि 2 मिनिटे 11 सेकंद चालते. टाकी दुप्पट केली की दोन्ही वेळा दुप्पट होतात, टक्केवारी 45च राहते. मोटर वारंवार सुरू-बंद होणे कमी होते, एवढाच लाभ आहे, आणि शांतपणे बारीक रेषा ओढणाऱ्यासाठी तोही मोलाचा असतो.

खर्च वाढण्याचे एक कारण हवेशी संबंधित नसून छिन्नीशी असते: धार बोथट झाली की माणूस नकळत हवेचा दाब वाढवतो, हवा अधिक जाते आणि रेषाही फाटते. दाबाला हात लावण्यापूर्वी धार लावावी. हँडपीसकडे जाणाऱ्या हवेत पाणी व कॉम्प्रेसरचे तेल जाऊ नये म्हणून रेग्युलेटरच्या (दाब कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) आधी, कॉम्प्रेसरच्या बाजूला, फिल्टर बसवावा, आणि दिवसाचे काम संपल्यावर टाकीच्या तळाचा नळ उघडून साचलेले पाणी काढून टाकावे.