आधी शंभर पानी वही, मग गाडी

शोरूममध्ये जायच्या आधी एक शंभर पानी वही घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, तेव्हा वहीशिवाय मला काही सुचत नाही असं आमचे मिस्टर म्हणतात. पण डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं नुसता गप्पांतच फिरत होता. चहाला आलेला प्रत्येक जण एक गाडी सुचवून जायचा. सासरे, म्हणजे नाना, प्रत्येकाला एकच विचारायचे : "कितली देस?" ॲव्हरेज कळलं की त्यांच्या दृष्टीने विषय संपला. शेवटी मी वहीत रेघा मारल्या. तारीख, कुठे गेलो, किती किलोमीटर, गाडीत किती माणसं, रात्री गाडी कुठे उभी होती. एक महिना रोज लिहिलं.

तुम्हीही हेच करा, आणि लग्नसराईचा किंवा दिवाळीचा महिना धरू नका. नेहमीचा महिना धरा.

आमचं घर अमळनेरला. माझी शाळा पारोळ्याच्या वाटेवर, घरापासून १७ किलोमीटर. रोजचे जाऊन-येऊन ३४, वर्षाचे शाळेचे दिवस २२०, म्हणजे ७,४८० किलोमीटर. धुळे, जळगाव, बाजार, लग्नं, दवाखाना मिळून महिन्याला २५०, वर्षाचे ३,०००. मुलगी पुण्याला शिकते. धुळे-मालेगाव-नाशिकमार्गे एकेरी साधारण ४१०, आणि वर्षातून पाच फेऱ्या होतात, त्याचे ४,१००. एकूण १४,५८०. मी १४,६०० धरले.

वहीतल्या दोन गोष्टींना लाल शाईने गोल करा. एक, रात्री गाडी कुठे उभी राहते. दोन, वर्षातला सगळ्यात लांबचा दिवस कुठला. आम्हा शिक्षकांना तिसराही गोल लागतो, बदली. आज शाळा १७ किलोमीटरवर आहे, उद्या सातपुड्याच्या पायथ्याला ६० वर मिळू शकते. आजच्या अंतराला बेतून गाडी घेतली आणि बदलीची यादी लागली, असं व्हायला नको.

आता डिझेल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझे पैसे तिथे गेले.

आमची आधीची गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातली, डिझेल होती. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना हा नियम लागला आणि डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी आली. धुरातली काजळी तिथे अडकते. ती जाळून टाकायला गाळणी भट्टीसारखी तापावी लागते, साधारण ६०० अंशांच्या आसपास. त्यासाठी गाडी ६०च्या वर, न थांबता, पंधरा-वीस मिनिटं पळाली पाहिजे. माझा शाळेचा रस्ता म्हणजे खड्डा, गतिरोधक, पुढे कापसाचा ट्रॅक्टर, मग परत खड्डा. ३५-४०च्या पुढे काटा जातच नाही. तीन-चार महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. "पिवळाच आहे ना, लाल नाही," असं म्हणून आम्ही पंधरा दिवस काढले. मग एका सकाळी गाडीने ओढच सोडली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून त्यांनी उभ्या गाडीत काजळी जाळली आणि बिल हातात दिलं. वर सल्ला असा, की आठवड्यातून एकदा धुळ्यापर्यंत पळवून आणत जा, मॅडम. मी ऐकलं. वहीत आजही त्या फेऱ्या आहेत, "गाडीच्या तब्येतीसाठी" अशी नोंद करून. माणसं हवापालटाला जातात, आमची गाडी जायची, तेही माझ्याच डिझेलवर.

म्हणजे डिझेल वाईट असं नाही. माझे भाऊजी पपई आणि केळीच्या व्यवहारात आहेत. महिन्याला तीन हजारांवर किलोमीटर, कधी सुरत, कधी सेंधव्याचा घाट चढून इंदूर, मागे माल, सोबत दोन माणसं. त्यांची गाळणी आपोआप साफ होते. भरल्या गाडीने घाट चढताना डिझेलची जी ओढ असते, ती त्यांना रोज लागते. तुमची वही तशी असेल तर डिझेलच घ्या. फक्त विक्रेत्याला विचारा, या गाडीला धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आहे का. असेल तर तिचा काटा बघायची सवय लावा. ती रिकामी झाली की बऱ्याच गाड्या एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. आणि ते द्रावण पंपावरचं किंवा दुकानातलं सीलबंदच घ्यायचं. घरात खताच्या गोणी पडल्या आहेत म्हणून कुणी युरिया पाण्यात विरघळवून ओतू नये. हसू नका, आमच्याकडे तसा विचार झाला होता.

"डिझेल दहा वर्षांत भंगारात जाते" हेही कुणीतरी सांगेल. दहा वर्षांची ती अट दिल्ली आणि भोवतालच्या भागाची आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून नूतनीकरण होतं.

हायब्रिडचं थोडक्यात. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा : इंजिन बंद ठेवून ही गाडी नुसत्या बॅटरीवर चालते का? "हो" म्हणाले तर ती खरी हायब्रिड. "मदत करते" असं उत्तर आलं तर ती पेट्रोल गाडीच आहे, मागच्या दारावर अक्षरं काहीही असोत. खरी हायब्रिड ब्रेक दाबताना वाया जाणारी ताकद साठवते आणि निघताना वापरते. म्हणून ती सिग्नलच्या गर्दीत कमाल करते. माझी धाकटी बहीण नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहते. पार्किंगमध्ये प्लग लावायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि रोज शहरातली रखडपट्टी. तिने हायब्रिड घेतली ते बरोबरच केलं. अमळनेर-धुळे रस्त्यावर मात्र ब्रेक कमी लागतो, तिथे तिचा फायदा आटतो. शिवाय घ्यायला महाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला ४० टक्के, चार मीटरच्या आतल्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेलला १८, इलेक्ट्रिकला ५. इलेक्ट्रिकला महाराष्ट्रात २०२५च्या धोरणानुसार वाहनकरही माफ आहे. त्यामुळे तुलना शोरूमच्या किमतीची करू नका, रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीची करा. आणि डिक्की उघडून बघा. काही हायब्रिडमध्ये बॅटरी मागे असते आणि लग्नाच्या बॅगा तिथे बसत नाहीत.

आता इलेक्ट्रिक. इथे मोठ्या बॅटरीवर नजर ठेवण्यापेक्षा आधी घरचा बोर्ड बघा. माझा रोजचा ३४ किलोमीटरचा खर्च किती? भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला गाडी सहा किलोमीटर जाते, असं मी धरलं. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, ती यात आली. म्हणजे रोज पावणेसहा युनिट. साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर हे दोन-सव्वादोन तासांचं काम आहे. भिंतीवरचा मोठा ७.२ किलोवॅटचा चार्जर घ्यायचा तर बहुतेक घरांत मंजूर भार वाढवावा लागतो. तो कुणी फुकट दिला तर घ्या, पण त्याच्यासाठी अडून राहू नका. गाडी रात्रभर उभीच असते.

प्लग मात्र जुना वापरू नका. मीटरपासून वेगळी तांब्याची वायर, जादा भार आला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी, आणि अर्थिंग. खानदेशात सगळ्यात जास्त डोकेदुखी अर्थिंगची. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. चार्जर अर्थिंग तपासतो आणि ती नीट नसली की चार्जिंग सुरूच करत नाही. लोक गाडीला शिव्या देतात. आमचा वायरमन आला, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, गाडी चार्ज व्हायला लागली. आता उन्हाळ्यात तुळशीबरोबर तिथेही पाणी घालते.

तुमचं घर शेतात असेल तर नीट लक्ष द्या. गावठाणाच्या फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवर, असाल तर ठीक. शेतीपंपाच्या जोडणीवर वीज ठरावीक तासच येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि ती पंपासाठी दिलेली असते, गाडीसाठी नाही. मळ्यातल्या घराला घरगुती मीटर आधी घ्या, गाडीचं नंतर बघा.

विजेचा दर काढताना बिलाची रक्कम भागिले युनिट असं करू नका. ती सरासरी इथे फसवते. महावितरणचे टप्पे १००, ३००, ५०० युनिटचे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. आमचा वापर १८० युनिट होता, गाडीचे महिन्याला साधारण १४५ वाढले, एकूण ३२५. म्हणजे गाडीची वीज मधल्या टप्प्यात पडली आणि थोडी वरच्या, महाग टप्प्यात गेली. तुमच्याकडे आधीच एसी चालत असेल तर गाडीचा सगळाच वापर महाग टप्प्यात जाईल. तिथे छतावर सोलर बसवायचा विचार करा. तीन किलोवॅटला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० पर्यंत अनुदान आहे, आणि ऊन तर आपल्याकडे उधळलेलंच असतं. तीन किलोवॅटचे दिवसाला सरासरी बारा-एक युनिट मिळतात.

माझं गणित असं. डिझेल ९२ रुपये आणि १७चं ॲव्हरेज धरलं, वर्षाला ७९,०००. हायब्रिड, पेट्रोल १०५ आणि २१चं ॲव्हरेज, ७३,०००. इलेक्ट्रिक, घरचे १०,४८० किलोमीटर १२ रुपये युनिटने २१,०००, पुण्याच्या फेऱ्या रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर २४ रुपयांनी धरून १६,४००, एकूण साडेसदतीस हजारांच्या आत. डिझेलपेक्षा वर्षाला साधारण ४१,५०० कमी. गाडीच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो सात वर्षांत फिटतो. आता यात तुमचे दर आणि तुमचे किलोमीटर घाला. वर्षाला पाच-सहा हजारच फिरत असाल तर फरक फिटायला पंधरा-सतरा वर्षं लागतील. अशांनी या तिन्हींचा नाद सोडून साधी पेट्रोल गाडी घ्यावी. हे शोरूममध्ये कुणी सांगणार नाही.

पुण्याचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. कंपनी कागदावर जी रेंज, म्हणजे एका चार्जवर जाणारं अंतर, लिहिते तिचे दोन तृतीयांश धरा. एसी लावून हायवेला १००ने गेलात तर आणखी कमी. ४५ युनिटच्या बॅटरीचे मी २५० धरले. घरून पूर्ण भरून निघालं की नाशिक साधारण २०० वर येतं, मध्ये राहुडचा घाट धरूनही. तिथे जेवण, तेवढ्यात चार्जिंग, मग पुणे. निघण्याआधी एक नाही, दोन चार्जर हेरून ठेवा, पहिला बंद असू शकतो किंवा रांग असते. भर दुपारी तापलेल्या बॅटरीवर फास्ट चार्जिंग हळू होतं, म्हणून मे महिन्यात आम्ही पहाटे चारला निघतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हा गाडी बारापर्यंत शाळेच्या कडुनिंबाखाली. पूर्ण चार्ज झालेली गाडी उन्हात तापत ठेवायची नाही. चार्ज करायचं ते रात्री, गाडी निवल्यावर.

वॉरंटीत वर्षांपेक्षा टक्का वाचा. साधारण आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असतात. पण बॅटरी किती टक्क्यांखाली आली की बदलून देणार, ते लिहून घ्या. गाडी बंद पडली तर ट्रकवर चढवूनच न्यायची, दोरीने ओढायची नाही. ती सोय धुळ्याहून येते की नाशिकहून, हेही विचारा.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. संध्याकाळी गार वाऱ्यात नको. दुपारी दोनला जा, घरातली सगळी माणसं बसवा, एसी पूर्ण लावा आणि गाडी वीस-पंचवीस किलोमीटर तरी फिरवा. आम्ही नानांना मागे बसवलं. बॅटरी तळाशी असते, त्यामुळे काही गाड्यांत पाय ठेवायची जागा उंच होते. पारोळा रस्त्यावर पंधरा मिनिटं झाली आणि मागून आवाज आला, "गुडघा वर येतस वं." ॲव्हरेजचं त्यांनी त्या दिवशी विचारलंच नाही. ती गाडी आम्ही घेतली नाही. दुसऱ्या शोरूममध्ये गेलो आणि तिथे आधी नानांना मागे बसवलं, मग किंमत विचारली.