जुन्या पीसीतलं विंडोज सेवन नव्या मशीनमध्ये

डिचोलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, चवथीतल्या नाटकांच्या जाहिराती, सगळं 2011 साली घेतलेल्या पीसीवर. त्यातले मराठी फाँट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या घडणीचे. फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांचा नुसता कचरा. यंदा पाऊस लागला आणि पीसी तीन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठेना. सॉफ्टवेअरची सीडी कधीच हरवलेली. म्हणून आख्खं विंडोजच उचलून नव्या मशीनवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवलं.

खरी डिस्क थेट व्हर्च्युअल मशीनला जोडायचीही सोय असते. ती वापरू नका. एकच पार्टिशन बाहेरची सिस्टीम आणि आतली सिस्टीम एकाच वेळी लिहू लागली, तर फाइल सिस्टीम मोडते. आधी नक्कल घ्या आणि नक्कलच चालवा.

नकलेसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं डिस्क-टू-व्हीएचडी हे छोटं, फुकट साधन पुरतं. विंडोज चालू असतानाच ते नक्कल घेतं. यूएसबी डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी, कारण फॅट-32 वर 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही. यादीत सी ड्राइव्हबरोबर 100 एमबीचं ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ पार्टिशनही निवडा. बूटच्या फायली तिथेच असतात. व्हीएचडीएक्स या नव्या प्रकाराची खूण काढून साधी व्हीएचडी, म्हणजे आख्खी डिस्क मावणारी एक फाइल, घ्या. तयार झालेली फाइल त्याच जुन्या पीसीवर जोडून बघण्याचा मोह टाळा. दोन डिस्कची सही (ओळख क्रमांक) सारखी दिसली की विंडोज एकीची बदलतं आणि मग ती बूट होत नाही.

नव्या मशीनच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज सेवन निवडा, जुनं 32 बिट असेल तर 32 बिटच. मेमरी 2 जीबी पुरते. नवी डिस्क न बनवता आपली व्हीएचडी द्या, पण तिची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा.

माझं व्हर्च्युअल मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा विंडोजचा लोगो उमटला न उमटला तोच निळा पडदा आला. खाली एरर कोडच्या शेवटी 7बी. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. जुन्या पीसीत डिस्क आयडीई या जोडणीच्या जुन्या पद्धतीने चालत होती, व्हर्च्युअलबॉक्सने ती साटा या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरवर लावली आणि त्याचा ड्रायव्हर त्या विंडोजमध्ये बंद होता. मशीन बंद करून सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये जा, साटावरून डिस्क काढा, आयडीई कंट्रोलर जोडून त्याला ती लावा. माझं विंडोज तेवढ्यानेच उठलं. पडद्यावर गेल्या वर्षीच्या पालखीचं हँडबिल तसंच दिसलं तेव्हा फार बरं वाटलं.

मग व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्स बसवा, म्हणजे स्क्रीन आणि माऊस नीट चालतात. सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) असेल तर यूएसबी फिल्टरमधून तो आत द्या. हार्डवेअर बदललेलं पाहून विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागतं. पीसीबरोबर आलेला ओईएम परवाना त्या मशीनपुरताच असतो, तेव्हा रिटेल की, म्हणजे वेगळ्या विकत घेतलेल्या परवान्याचा क्रमांक, हाताशी ठेवा. नेटवर्क मात्र बंदच ठेवा: विंडोज सेवनची सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबली. मी पानं पीडीएफ करून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो आणि छापतो नव्या मशीनवरून.

जुनी डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवली आहे. पुढची चवथ होईपर्यंत तरी ती पुसणार नाही.