हजिऱ्याहून घोघ्याला गाडीसकट बोटीने जाताय? या चुका टाळा

सुरत खानदेशाला परकं नाही. लग्नाचा बस्ता असो की कामधंदा, अर्धं गाव तिथे असतंच. पण सुरत सोडून पुढे पालिताणा-सोमनाथला निघायचं, तर खंभातच्या आखाताला वळसा घालत भावनगरजवळच्या घोघ्यापर्यंत सुमारे ३७० किलोमीटर पडतात. नोव्हेंबर २०२० पासून हजिरा-घोघा रो-पॅक्स, म्हणजे गाड्या आणि माणसं दोन्ही नेणारी बोट आहे. समुद्रातून अंतर ९० किलोमीटर, वेळ साधारण चार तास.

पहिली चूक म्हणजे सुरत आलं की बंदर आलं, असं धरणं. धुळ्याहून जाणारा महामार्ग ५३ हजिऱ्यापर्यंत नेतो खरा, पण शहर ओलांडून आणखी पंचवीस-तीस किलोमीटर जायचं असतं, तेही कारखान्यांच्या ट्रकांमधून. कोंडाईबारी घाटात अडकलात तर सगळं गणित कोलमडतं. सकाळची बोट असेल तर आदल्या रात्री सुरतेतच मुक्काम करा.

बोटीची वेळ एस.टी.सारखी पाठ करून ठेवू नका. आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे पाणी चढत जातं; भावनगरजवळ उधाणाला पातळी दहा मीटरच्या आसपास वरखाली होते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. मुंबईकडचा 'तिथीची पाऊणपट' (तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती) हा हिशेबही इथे चालत नाही, कारण भरती आखातात आत काही तास उशिरा पोहोचते. म्हणून सुटायची वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा. पावसाळ्यात किंवा समुद्र खवळला तर फेरी रद्द होऊ शकते. परतीचं काम त्याच दिवसावर टांगून ठेवू नका.

गाडी डेकवर लावली की हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर टाका (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'), आरसे मिटा. सेंट्रल लॉकचा अलार्म बंद करता येत असेल तर करा, नाहीतर बोट हलली की तो कोकलत राहतो आणि बॅटरी उतरू शकते. प्रवासात खाली गाडीपाशी जाऊ देत नाहीत. औषधं, पाणी, लेकरांचे कपडे, ओळखपत्रं आधीच पिशवीत काढून घ्या. डिक्कीत पेट्रोलचा कॅन नको.

निघण्याआधी तर्रीदार शेवभाजी दाबून खाणं ही खास आपली चूक. उपाशीही राहू नका. दशमी किंवा कोरडी भाकरी बरी. मळमळलं तर मोबाइल खाली ठेवा, बोटीच्या मध्यभागी बसा, क्षितिजाकडे बघा. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यावी लागते. तिने झोप येते, म्हणून घोघ्याला उतरल्यावर जो गाडी चालवणार त्याने ती घेऊ नये. हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते भावनगरच्या रस्त्यावर डोळे मिटायला लागल्यावर.

घोघा दिसताच इंजिन सुरू करून बसू नका. बंदिस्त डेकवर धूर कोंडतो. खलाशी हात करतील तेव्हाच चावी फिरवा.